नीरोची आई अग्रिप्पिना : तिच्यावरच्या आरोपांपैकी किती खरे धरावेत?

वाचनवेल्हाळ :
रोमन सम्राट नीरोच्या आईविषयी जे काही वाचनात आले, त्यात एकच चित्र दिसते : इ.स. ४९ मध्ये तिने सख्खा काका असलेल्या सम्राट क्लॉडियसशी लग्न केले, पुढे त्यालाच विषारी अळंबी खाऊ घालून आपल्या मुलाला गादीवर बसवले, आणि इ.स. ५९ मध्ये त्याच मुलाने तिचा काटा काढला. लग्न आणि तिचा खून यांविषयी दुमत दिसत नाही. मात्र विषप्रयोगाला आणि 'खरा राज्यकारभार तीच करत होती' या म्हणण्याला कितपत आधार आहे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पोथीनिष्ठ :
विषप्रयोगापुरते बोलतो. क्लॉडियस इ.स. ५४ च्या ऑक्टोबरात वारला तेव्हा ६३ वर्षांचा होता आणि त्याची प्रकृती जन्मापासूनच तोळामासा होती. रोमन सम्राटांचा चरित्रकार सुएटोनियस विष दिल्याचे सर्वमान्य म्हणून सांगतो खरा, पण ते कोठे दिले आणि कोणी दिले याविषयी दोन वेगळ्या हकिकती नोंदवतो : एकीत अन्न चाखून पाहणारा खोजा दोषी आहे, तर दुसरीत अग्रिप्पिना. त्याच्याआधी लिहिणाऱ्या ज्यू इतिहासकार जोसीफसने ही गोष्ट 'काही जण असे म्हणतात' एवढ्याच बेताने मांडली आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस अळंबीचा प्रसंग तपशिलाने रंगवतो, पण अग्रिप्पिनेचा खून झाला तेव्हा तो जेमतेम तीन-चार वर्षांचा होता. तिने स्वतः आठवणी लिहिल्या होत्या, त्या मात्र नष्ट झाल्या. त्यांतली तिच्या आईने पुनर्विवाहाची परवानगी मागितल्याची एक हकिकत टॅसिटसने घेतली, आणि नीरो पायाळू जन्मला ही माहिती रोमन लेखक थोरल्या प्लिनीने. बाकी आपल्यापर्यंत जे आले ते सारे परक्यांच्या, आणि बहुतांशी तिच्याविषयी कडवट असलेल्या, लेखणीतून.

टांकसाळ :
कारभाराविषयी नाण्यांचा पुरावा अधिक बोलका आहे, कारण तो त्याच काळातला आहे. इ.स. ५४ अखेरच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर मायलेक समोरासमोर आहेत, आणि गंमत म्हणजे चेहऱ्यांभोवतीचा लेख आईच्या नावाचा असून सम्राटाचे नाव मागच्या बाजूला गेले आहे. पुढच्याच वर्षीच्या नाण्यांवर दोघांचे चेहरे एकाच दिशेला वळले आहेत, पुढे नीरो आणि त्याच्या आड ती. लेखांचीही अदलाबदल झालेली आहे. त्यानंतर ती नाण्यांवरून दिसेनाशीच होते. टॅसिटस म्हणतो की आर्मेनियाचे राजदूत आले असता ती नीरोच्या शेजारी आसनस्थ होण्यास निघाली, तेव्हा त्याचा गुरू व सल्लागार सेनेका याच्या सूचनेवरून नीरो तिला सामोरा जाण्याच्या निमित्ताने खाली उतरला आणि प्रसंग टळला. हा प्रसंग रचलेला मानला, तरी नाणी रचलेली नाहीत.

उलटतपासणी :
वरील दोन्ही प्रतिसाद पटले, तरी तिला निव्वळ बदनामीची बळी ठरवण्याची घाई नको. क्लॉडियसची मुलगी ऑक्टेव्हिया हिचे लग्न सिलानसशी ठरले होते. ते मोडून ती नीरोला मिळावी अशी तजवीज झाली, आणि क्लॉडियस-अग्रिप्पिनेच्या लग्नाच्या दिवशीच सिलानसने आत्महत्या केली. सम्राज्ञीपदाची दुसरी उमेदवार लोलिया पॉलिना हिच्यावर ज्योतिष्यांना कौल विचारल्याचा आरोप ठेवून तिला हद्दपार केले आणि नंतर मरण पत्करायला लावले. अर्थात असले डाव पहिला सम्राट ऑगस्टस याच्या घराण्यातल्या पुरुषांनीही सर्रास खेळले होते, आणि त्यांना त्यासाठी क्वचितच 'विषकन्या' ठरवण्यात आले.

तिची अपकीर्ती अधिकृतपणे कोठे नोंदली गेली, हेही पाहावे. इटलीच्या किनाऱ्यावरील बायई गावाजवळ आपोआप मोडणाऱ्या नौकेचा बेत फसला, ती पोहून बाहेर पडली, आणि मग आरमाराचा प्रमुख अनिसेटस याने माणसांसह घरात शिरून तिला ठार केले. त्यानंतर नीरोने सिनेटला (रोमच्या उमरावांच्या सभेला) पत्र पाठवले, जे सेनेकाने लिहून दिले असे लोक तेव्हाच म्हणत होते. तिला सत्तेत वाटा हवा होता, सैनिकांनी एका स्त्रीच्या नावाने शपथ घ्यावी अशी तिची आकांक्षा होती, क्लॉडियसच्या काळातले अत्याचारही तिचेच, असे आरोप त्यात होते. सिनेटने देवांचे आभार मानण्याचा ठराव केला आणि तिचा जन्मदिवस अशुभ दिवसांत टाकला. थ्रेसिया पीटस हा एक सदस्य तेवढा सभागृहातून उठून गेला. तिच्याविषयीचे पुढचे लेखन या पत्राच्या सावलीत झाले, असे माझे मत आहे.