चर्चच्या मंडळीत खजिनदार हो म्हणतायत, देवाची इच्छा आहे का नाही हे ओळखायचं कसं?

नगरचा_टेनर
सर्वांना ख्रिस्तात सलाम. जरा लांबेल, सांभाळून घ्या.
आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, मिशनच्या काळापासूनची. पुढच्या महिन्यात कमिटीची निवडणूक आहे आणि गेल्या रविवारी उपासना सुटल्यावर पाळकसाहेबांनी दारातच हात धरला, म्हणाले या टायमाला खजिनदार तूच, मी प्रार्थना केली आणि तुझंच नाव आलं. आता यावर माणूस बोलणार काय? मी क्वायरमध्ये आहे, तरुण संघाचं पण थोडंफार माझ्याकडेच असतं, नोकरी सुपा एमआयडीसीत शिफ्टची, मुलगी दहावीला. मिसेस म्हणते आधी प्रार्थना कर मग बोल. करतोय, पण डोळे मिटले की पावतीपुस्तकंच दिसतात. एक नातेवाईक म्हणाले बायबलमधल्या गिदोनाने रात्रभर लोकर ठेवून ती दवाने भिजते का पाहिलं, तशी देवाकडे खूण माग. तर विचारायचं असं की देवाला विचारायचं म्हणजे नक्की करायचं काय, आणि देवाच्या कामाला नाही म्हटलं तर देवाने पाठवलं तिकडे न जाता पळालेल्या योनासारखं आपलं होतं का?

जुना_पंच
सलाम बंधू. लोकरीचं आधी घेतो कारण ते सगळेच सांगतात. बायबलमधलं शास्ते 6 परत वाचा. काय करायचं ते देवाने गिदोनाला लोकरीच्या आधीच सांगितलेलं होतं, त्याचा धीर होत नव्हता म्हणून ती लोकर, तीसुद्धा दोनदा. ती वाट विचारायची पद्धत नाही. तुम्ही म्हणाल साहेबाने शिफ्ट बदलून दिली तर हो आणि नाही दिली तर नाही, मग ठरवलं कोणी, देवाने का एचआरने?
विचारायचं का, ते यहोशवा 9 मध्ये आहे. गिबोनी लोक वाळक्या बुरसलेल्या भाकरी, फाटके बुधले, ठिगळाचे जोडे असं सगळं नाटक करून आले, म्हणे फार लांबून आलोय. इस्राएलच्या पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी तपासली पण परमेश्वराला काही विचारलं नाही, आणि तुम्हाला मारणार नाही अशी शपथ देऊन मोकळे. तीन दिवसांनी कळलं की हे तर शेजारचेच. पण शपथ मोडता येईना. पुढे शौल राजाने मोडली तर त्याच्यानंतरच्या दाविद राजाच्या राज्यात तीन वर्षं दुष्काळ. म्हणून विचारायचं ते शब्द द्यायच्या आधी, एकदा हो म्हटलं की मग गुडघे टेकून फार उपयोग नसतो.
आणि पाळकसाहेबांना प्रार्थनेत तुमचं नाव आलं, येऊ द्या. 2 शमुवेल 7 मध्ये दाविदाला मंदिर बांधायचं होतं, नाथान संदेष्टा म्हणाला जा, मनात आहे ते कर, परमेश्वर तुझ्याबरोबर आहे. त्याच रात्री देवाने नाथानाला उलट निरोप दिला. नाथान काही लबाड नव्हता आणि दाविदाची इच्छाही चांगलीच होती, पण ते काम त्याच्या मुलाच्या, शलमोनाच्या वाट्याचं होतं. तेव्हा योनाची भीती सोडा, योनाला देवाने स्वतः पाठवलं होतं, तुम्हाला आत्तापर्यंत फक्त पाळकसाहेबांनी विचारलंय.

बावखल
जय ख्रिस्त! मी वसईचा, कॅथलिक, चालत असेल तर आमच्याकडचं सांगतो. लोयोलाचा संत इग्नेशियस मुळात सैनिक. 1521 मध्ये पाम्पलोनाच्या लढाईत तोफेचा गोळा लागून पाय मोडला, घरी पडून राहिला, वाचायला शूरवीरांच्या गोष्टी हव्या होत्या पण घरात ख्रिस्तचरित्र आणि संतांची चरित्रं तेवढी सापडली. पडल्या पडल्या त्याच्या एक लक्षात आलं, दरबार, तलवार, कुणी मोठ्या घरची बाई असली स्वप्नं रंगवताना मजा यायची पण नंतर मन एकदम कोरडं पडायचं, आणि संतांसारखं जगावं हा विचार केला की तो विचार संपला तरी बरं वाटणं टिकायचं. त्याची पुढची सगळी शिकवण यातूनच निघाली.
त्याच्या संघाचे, म्हणजे जेजुइट फादर रिट्रीटला (प्रार्थनेच्या शिबिराला) जे करायला लावतात ते असं, काही दिवस मनात धरून चालायचं की मी हो म्हटलंय, तसंच कामाला जायचं, जेवायचं, रात्री प्रार्थनेत बसायचं आणि मन कुठे जातं ते नुसतं बघायचं. मग तेवढेच दिवस नाही म्हटलंय असं धरून. यात हुरळून जाणं वेगळं हां, पाळकांनी आपल्यालाच विचारलं म्हणून छाती फुगते ना ते धरायचं नाही. अजून एक, तुमच्यासारख्याच परिस्थितीतला अनोळखी माणूस सल्ला मागायला आला तर त्याला काय सांगाल? हे पण इग्नेशियसनेच सुचवलेलं आहे, आणि त्याचं पक्कं सांगणं की मन उदास, अंधारलेलं असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही.

हिशेबनीस
मी अकाउंट्सवाली बाई, ट्रस्टची कामं करते, त्यामुळे मला हे सगळं वाचून राहवेना 😄 दादा, आधी कागद मागा. तुमच्या मंडळीचा ट्रस्ट 1950 च्या पब्लिक ट्रस्ट अॅक्टखाली नोंदलेला असेल तर हिशेब दरवर्षी 31 मार्चला बंद करून ऑडिट करून घ्यावं लागतं, विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात 90 दिवसांत चेंज रिपोर्ट टाकावा लागतो. तुमचं नाव विश्वस्त म्हणून लागणार का नुसतं कमिटीपुरतं हे सरळ विचारा, कारण दोन्हीत फार फरक आहे. मागचं ऑडिट कुठपर्यंत झालंय, चेकवर किती सह्या लागतात, दानाच्या पिशव्या मोजताना किती जण बसतात.
हे अविश्वासाचं लक्षण नाही. लूक 14 मध्ये बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा असं प्रभूनेच म्हटलंय. आणि प्रेषित पौल तर खजिनदारांचा बाप, यरुशलेमच्या गरिबांची वर्गणी पोचवायची होती तर कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून मंडळ्यांनी नेमलेली माणसं बरोबर घेतली, 2 करिंथ 8 बघा. तुमच्याकडे पैसे एकट्याने मोजायची पद्धत असेल तर देवाने स्वप्नात येऊन सांगितलं तरी घेऊ नका.

नगरचा_टेनर
सर्वांचे आभार. हिशेबनीस ताई, तुम्ही विचारलंत म्हणून आज सेक्रेटरींना फोन केला तर ऑडिट मागे राहिलंय असं मोघम बोलले. पाळकसाहेबांना म्हटलं तर म्हणतात तू विश्वासाने पाऊल टाक, बाकी देव बघेल. आता मला नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणू? ते वडिलांच्या वयाचे आहेत, माझं लग्न त्यांनीच लावलंय.

मार्थाची_बहीण
भाऊ, वर एवढं सगळं झालं पण मिसेसला काय वाटतं ते कोणी विचारलंच नाही. तुम्ही नगरचे म्हणून नगरचंच उदाहरण देते. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई जवळ नव्हत्या, त्यांना विचारलेलंही नव्हतं. पुढची काही वर्षं त्या बाईने पोराला घेऊन वेगळं राहून काय सोसलं ते तिने स्वतःच लिहून ठेवलंय. पुढे 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाने, नवऱ्याच्या मागे फरफटत नाही. टिळकांचं पाचारण खरंच होतं, मला त्यात शंका नाही, पण घरच्यांना न विचारता घेतलेल्या निर्णयाचं बिल घरच्यांच्याच नावावर येतं. खजिनदारकी एवढी मोठी गोष्ट नाही, तरी मार्चमध्ये हिशेब आणि दहावीचे पेपर एकदमच येतात, तेव्हा घरी कोण बसणार? दोघं मिळून प्रार्थना करा, आणि मिसेसला बोलू द्या, तुम्ही ऐका.
नाही म्हणायचंच झालं तर गोलगोल नको. नुसतं 'बघतो' म्हटलं की पाळकसाहेब हो धरून चालणार, आपल्याकडे सगळे असंच करतात आणि मग ऐन निवडणुकीत तोंडं वाकडी होतात. त्यांच्या घरी जा, चहा घ्या आणि म्हणा, "साहेब, आम्ही दोघांनी प्रार्थना केली, यंदा खजिनदारी माझ्याच्याने होणार नाही. क्वायर सोडत नाही. ऑडिटला माणूस लागला तर ओळखीचे सीए गाठून देतो." विश्वासाचं पाऊल वगैरे परत निघालं तर वाद घालू नका, तेच वाक्य परत म्हणा. आणि हे याच आठवड्यात करा, म्हणजे त्यांना दुसरं नाव बघायला वेळ मिळेल.