टाटा मोबाईल २०६, दोन पूर खाल्लेली. आधी इंजिन उघडू की पत्रा?

कृष्णाकाठ_२०६ (भिलवडी)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात पहिला मोबाईल १९९२ साली आला, चार चाकांचा. आण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढून घेतलेली टाटा मोबाईल, म्हणजे मागं हौदा असलेली पिकअप. जाताना सांगली मार्केट यार्डात हळद, येताना खत आणि पेंड. हौद्याच्या सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घातला तर अजून पिवळी धूळ निघते. मी गाडी शिकलो तीही हिच्यावरच, अंकलखोपच्या रस्त्याला. एकदा उसाच्या सरीत घातली होती, ते आण्णांना अजून माहीत नाही.

२०१४ पासून ती गोठ्याशेजारच्या शेडमध्ये उभी आहे. आण्णांनी तिचं कोठार केलं, हौद्यात पोटॅशची पोती. मग २०१९ चा पूर. सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या शेडमध्ये गाडीचा नुसता टप दिसत होता. आठवडाभर. २०२१ ला परत आलं, पण त्या खेपेला सीटपर्यंतच. 'सीटपर्यंतच' लिहिताना मलाच हसू येतंय.

आजची स्थिती अशी: हौद्याचा तळ पापड झालाय. ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचललं की जमीन दिसते. दारं मात्र बरी, फाळकाही शाबूत. परवा ट्रॅक्टरची बॅटरी लावून दोन-तीनदा सेल्फ मारला, नुसता टक् आवाज. गिअरबॉक्सचं ऑइल काढलं तर पाणी मिसळून त्याचा चहा झालेला, तोही भरपूर दुधाचा.

मी पलूसला नोकरीला, हातात फक्त रविवार. दीड लाखापर्यंत, जमेल तसं घालेन. शो-पीस करायची नाही, आठवड्यातून एकदा रानात जाऊन वैरण घेऊन आली तरी बास. भंगारवाला किलोवर मागतोय. आण्णा म्हणतात, "देऊन टाक, विहिरीवर नवी मोटार बसंल तेवढ्यात."

मला इंजिनापासून सुरुवात करायचीय. ते सुटलं तर बाकीचा हुरूप येईल. बरोबर आहे का?

मिस्त्री_कुपवाड

भावा, पहिलं ते सेल्फ मारायचं बंद कर. सिलिंडरात पाणी असलं तर ते दबत नाही, दबतो तो कनेक्टिंग रॉड. इंजिन जाम होतं म्हणून वाचलास. फिरलं असतं तर रॉड वाकवून बसला असतास.

चारही नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारे) काढ, बाहेर येतंय काय बघ. मग प्रत्येक भोकात डिझेल आणि पॉवर स्टिअरिंगचं ऑइल निम्मं-निम्मं करून सोड, वर चिंधी कोंब आणि आठ दिवस विसरून जा. मधनंअधनं परत थोडं घाल. नवव्या दिवशी पुढच्या पुलीच्या नटाला लांब पाना लावून हातानं हलवायचं. एक रेष पुढं, एक रेष मागं. पाइप घालून लोंबकळायचं नाही.

हे ४८३ इंजिन आहे. म्हणजे चार सिलिंडर, ८३ मिलिमीटर बोअर, १९४८ सीसी. सिएराला आणि पहिल्या सुमोलाही हेच होतं, त्यामुळं सामान अजून कुठं ना कुठं मिळतं. नाहीच सुटलं तर हेड उतरव, बोअर कोल्हापूरला उद्यमनगरात दाखव. चालू झालं तरी लगेच पळवू नको. डिफरन्शियलमध्येही तोच चहा असणार, चाकांच्या बेअरिंगात गाळ असणार. आणि ब्रेक. आठ-दहा वर्षं उभ्या गाडीचा ब्रेक म्हणजे ब्रेक नव्हेच.

एमएच५०_कराडकर

मिस्त्रींना मानतो, पण इंजिन नंतर. इंजिन दुसरं मिळतं, चासी म्हणजे खालचा सांगाडा मिळत नाही.

हातोडी घे आणि गाडीखाली झोप. चासीवर टकटक करत जा. खणखणीत वाजली तर ठीक, भद्द वाजली तिथं खडूनं खूण कर. स्प्रिंगच्या पाट्यांचे हँगर जिथं बसतात ती जागा आणि पोकळ भाग आधी बघ, पुराचा गाळ आत बसून ओल धरतो. आणि अहो, पोटॅश! तेही एक मीठच, पोटॅशियम क्लोराईड. पुरानं जेवढं खाल्लं नसेल तेवढं आण्णांच्या पोत्यांनी खाल्लंय. आधी पोती काढा, मग गोड्या पाण्यानं प्रेशर मारून सगळं धुऊन काढा. पुरातून वाचलेल्या गाडीला पाणी मारा म्हणतोय, पण इलाज तोच आहे.

पायाखालचा पत्रा कापून नवा जोडायचा, चांगला पत्रा लागेपर्यंत मागं कापत जायचं. भोकावर लांबी (पुट्टी) भरून रंग मारून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. माझ्या जीपला एकानं तसंच करून दिलं होतं. दुसऱ्या पावसाळ्यात पाय बाहेर.

साताऱ्याची_जीपवाली

दादा, पाना-हातोडी दोन्ही ठेवा खाली. आरसी बुक कुठं आहे?

वडिलांची जीप मी उभी केली तेव्हा आधी रंगावर पैसे घातले आणि मग कागदांसाठी वर्षभर हेलपाटे मारले. तुमची तर मालवाहू. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग, म्हणजे आरटीओची फिटनेस तपासणी. २०१४ पासूनचा टॅक्स आणि दंड किती होतो, ते आरटीओत विचारून कागदावर लिहून घ्या. तो आकडा बघून मगच दीड लाखाचा हिशोब करा. चासी नंबर घासून पेन्सिलीनं ठसा उठतोय का बघा. गंजात नंबर गेला असेल तर खरी डोकेदुखी ती.

दुसरं, पतसंस्थेचं कर्ज म्हणताय. आरसीवर बोजा चढलेला असणार. फेडलं म्हणून तो आपोआप उतरत नाही, फॉर्म ३५ वर संस्थेची सही लागते. आणि विंटेजमध्ये घाला असं कुणी सुचवलं तर मनावर घेऊ नका, त्याला ५० वर्षांवरची गाडी लागते.

कृष्णाकाठ_२०६ (भिलवडी)

महिन्यानं लिहितोय, माफी.

ताई, तुमचंच ऐकलं आधी. बोजा आहेच. पतसंस्था कधीच अवसायनात गेलीय, म्हणजे गुंडाळलीय. जिल्हा उपनिबंधक कार्यालयात जाऊन तिचा कारभार आवरणारा अवसायक कोण ते काढलं, अर्ज दिलाय. घरी आण्णांना सांगितलं तर उठले, ट्रंकेतून हळद विक्रीच्या पट्ट्यांच्या गठ्ठ्यातून १९९६ चा कर्ज निरंक दाखला काढून दिला. म्हटलं, तेव्हाच आरटीओत का नाही दिला? "कुणी मागितलाच नाही." चासी नंबर एका आकड्याची शेपटी सोडून सगळा उठलाय. टॅक्सचा आकडा मिळाला, इथं लिहीत नाही. हौद्याचा रंग पुढच्या वर्षी.

कराडकर, खडूच्या पाच खुणा. चार उजव्या बाजूला, जिकडं पोती होती.

मिस्त्री, तीन नोझल निघाले, तिसऱ्या नंबरचा अजून हलत नाही. तरी तीन भोकांत तेल सोडलं, त्या अडकलेल्या तिसऱ्यात हीटर प्लग (थंड इंजिन तापवणारा) काढून तिथून. नवव्या दिवशी पाना लावला, काही नाही. बाराव्या दिवशी पुली दोन बोटं सरकली. आण्णा मागं कधी येऊन उभे राहिले कळलं नाही. म्हणाले, "उलटी फिरवायलायस." मग स्वतःच पाना घेतला.

पोटॅशची सात पोती सध्या माझ्या स्कूटरच्या जागेवर आहेत. स्कूटर पावसात.

मिस्त्री_कुपवाड

तिसऱ्या नोझलचा फोटो टाक. ओढू नको, मी रविवारी तासगावला येणार आहे, तसाच पुढं येतो. आणि आण्णांना सेल्फपासून लांब ठेव.