मदत हवी आहे: तिसऱ्या पुस्तकावरून आमची भिशी फुटायला आली आहे, स्पॉयलर सगळे आहेत

प्रतापनगरची_वाचक

नमस्कार मंडळी. आधीच सांगते, खाली शिवा ट्रायलॉजीच्या तिन्ही पुस्तकांचे शेवट उघड लिहिले आहेत, ज्यांचं 'वायुपुत्रांची शपथ' व्हायचं आहे त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर मला बोलू नका.

तर आमची नऊ जणींची भिशी आहे, जुनी, पैशाचीच. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी म्हटलं की दर महिन्याला नुसतं खाऊन उठतो त्यापेक्षा एक पुस्तक वाचून येत जाऊ, अन् बाप्पा ते चाललं की. ह्या उन्हाळ्यात अमीश त्रिपाठींची ही तीन पुस्तकं घेतली, त्यात शंकर देव नाही तर माणूस आहे अन् गोष्ट मेलुहा नावाच्या राज्याची, तिथला राजा दक्ष, सतीचा बाप. चौघींनी इंग्रजीत, बाकीच्यांनी मराठीत. 'मेलुहाचे मृत्युंजय' एप्रिलमध्ये सगळ्यांनी फडशा पाडला, बाहेर पंचेचाळीस डिग्री असताना कूलरसमोर लोळून वाचायला यासारखं पुस्तक नाही. 'नागांचे रहस्य' वाचून तर रात्री साडेअकराला ग्रुपवर मेसेज, "बृहस्पती जिवंत आहे!!!" (शिवाचा मित्र, पहिल्या भागात मेला असं सगळ्यांनी धरलेलं.) अन् मग आलं तिसरं.

मागच्या रविवारी चर्चा ठेवली अन् अर्ध्या तासात आवाज शेजारच्या फ्लॅटपर्यंत. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकू, दरवर्षी पचमढीला नागद्वारला जाणाऱ्या, त्या म्हणाल्या की सती यज्ञात उडी घेते हे लहान पोरालाही माहीत आहे, तिला मारेकऱ्यांच्या हातून मारायचं काय अडलं होतं. माझी भाची, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, ती म्हणाली, "काकू, फिक्शन आहे ते, आरती नाही." झालं. बँकेत असलेली एक म्हणे मी लढाईची दीडशे पानं गाळली अन् काही बिघडलं नाही. चौथी शिवानं देवगिरीवर, म्हणजे मेलुहाच्या राजधानीवर, पाशुपतास्त्र सोडलं म्हणून चिडलेली, म्हणे ज्याला दोन पुस्तकं देवमाणूस म्हणून दाखवलं तो शेवटी आख्खं शहर जाळतो अन् आपण टाळ्या वाजवायच्या? आणि दोघी रडल्या, त्यांना हे तिन्हीत बेस्ट वाटलं. दहीवडे तसेच राहिले. रात्री अकराला "काकू लेफ्ट".

येत्या रविवारी पाळी माझ्या घरी आहे. काकूंना मी कसंबसं यायला कबूल केलंय. मला दोन गोष्टी सांगा. एक, ही चर्चा परत भांडणावर न नेता कशी घेऊ. दोन, तिसरं पुस्तक खरंच गंडलंय की आम्हीच काहीतरी भलतं धरून बसलो होतो? माझं स्वतःचं मत अजून बनून राहिलं नाही, म्हणून विचारून राहिली.

तर्रीपोहे_सकाळी_सहा

ताई पहिले खाऊ घाला मग चर्चा करा. उपाशी माणूस अन् अर्धवट वाचलेलं पुस्तक, दोन्हीपासून लांब राहावं. बाकी मी तिसरं शंभर पानांवर सोडलं, त्यामुळे मला मत द्यायचा हक्क नाही, तरी देतो: बोर आहे.

जुना_मेलुहन

मी ही तिन्ही निघाली तेव्हाच वाचली आहेत, २०१०, २०११ अन् मग २०१३ चा फेब्रुवारी. तुम्ही तीन महिन्यांत उरकलं, आम्ही वाट पाहिली, अन् त्या मधल्या काळात प्रत्येकानं आपापलं तिसरं पुस्तक डोक्यात लिहून टाकलं होतं. मी तर हॉस्टेलच्या गच्चीवर आख्खा शेवट मित्रांना सांगितला होता, माझ्या शेवटात सती वाचते.

पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. पहिलं पुस्तक कुठं संपतं? अयोध्येत, नाग (ह्या पुस्तकांत साप नव्हे, जन्मतः व्यंग असलेली माणसं) सतीवर चाल करून येतो तिथं. दुसरं? पंचवटीत, मेलेला समजलेला बृहस्पती शिकवताना दिसतो तिथं. दोन्ही वेळा लेखकानं दार अर्धं उघडं ठेवून आपल्याला बाहेर उभं केलं. आपल्याला ते अर्धं उघडं दारच आवडलं होतं. तिसऱ्यात दार पूर्ण उघडावं लागतं अन् आत काय, तर हिशेब. सोमरस, मेलुहाचं ते आयुष्य वाढवणारं पेय, वाईट का, त्याचं विषारी सांडपाणी त्सांगपोत जातं, तीच पुढे ब्रह्मपुत्रा होते म्हणून ब्रंगांच्या देशात (म्हणजे बंगालकडे) रोगराई, नागांची व्यंगं कशानं, सरस्वती का आटली. हे सगळं जुळतं, मला तर हे जुळणं भारी वाटलं, पण जुळवून दाखवण्यात गोष्ट बसून राहते अन् पात्रं एकमेकांना लेक्चर देत सुटतात. ज्याला कोडं आवडतं तो खूश, ज्याला धावपळ आवडते तो पानं गाळतो. तुमच्या बँकवाल्या ताईंचं चूक नाही अन् रडणाऱ्या दोघींचंही नाही.

कडू_कारलं

नाही बा, एवढं गोड नका बोलू. पुस्तक कमजोर आहे तर आहे. तिन्हीत सगळ्यात जाड हे अन् सगळ्यात कमी काटछाट झालेलं हेच. इंग्रजीत तर महादेव आजच्या कॉलेजच्या पोट्ट्यासारखा बोलतो, पहिल्या भागात ते फ्रेश वाटतं, तिसऱ्यात ज्या माणसाच्या बायकोचं प्रेत समोर आहे त्याच्या तोंडी ती भाषा पुरत नाही. तिथं भाषा कमी पडली, कथा नाही. एकच माणूस शेवटपर्यंत खरा वाटला, मेलुहाचा सेनापती पर्वतेश्वर. शिवाला नीलकंठ, म्हणजे तारणारा, मानतो अन् तरी मेलुहाच्या बाजूनं उभा राहतो. काहून? कारण शब्द दिलाय. बाकीचे सगळे बदलत राहतात, हा एकटा नाही. रविवारी ह्याच्यावर बोला, भांडण होणार नाही.

प्रतापनगरची_वाचक

@कडू_कारलं होणार. आमच्याकडे पर्वतेश्वरावरून पण दोन पार्ट्या आहेत, एकीचे मिस्टर अगदी तसेच आहेत म्हणे.

@जुना_मेलुहन दाराचं भाचीला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "हेच मी ओरडून सांगत होते." ओरडून हे खरं.

सदरची_आत्या

मला वाटतं तुम्ही काकूंचं नीट ऐकलंच नाही. त्या धर्माचं बोलून राहिल्या असं सगळ्यांनी धरलं. त्या गोष्टीचं बोलत असतील.

दक्षाच्या यज्ञाची मूळ गोष्ट काय आहे? बापाला जावई पसंत नाही. यज्ञाला सगळ्यांना बोलावणं, लेक-जावयाला नाही. ती न बोलावता माहेरी जाते, नवऱ्याचा अपमान ऐकते अन् तिथंच जीव देते. आपल्याकडच्या बायकांना ही गोष्ट देवाची म्हणून नाही, माहेरची म्हणून कळते. आता पुस्तकात बघा. दक्ष तहाच्या नावाखाली डाव रचतो शिवासाठी, अन् शिवाच्या जागी जाते सती. बापानं जावयासाठी खणलेल्या खड्ड्यात लेक पडते. मला विचाराल तर लेखकानं यज्ञ काढून टाकला पण सांगाडा तोच ठेवला. फरक एवढाच की मूळ सती स्वतः ठरवून मरते, ही लढता लढता मरते. काकूंना नेमकं काय खटकलं ते विचारा, यज्ञ गेला ते, की तिचा निर्णय गेला तो. दुसरं असेल तर तो आक्षेप तुमच्या भाचीलाही पटेल बघा.

अन् पुराणातली गोष्ट वेगळ्या बाजूनं सांगणं मराठी माणसाला काही नवं नाही. शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' १९६७ चं, त्यात कर्ण स्वतः बोलतो, पण रथाचं चाक रुततंच. शेवट आपल्याला ठाऊक होता तोच राहिला, म्हणून आजीनंही वाचलं अन् नातवानंही. इथं शेवटाची वाटच बदलली, मग आरडाओरडा होणारच.

माझा सल्ला, आधी काकूंना त्यांची दक्षयज्ञाची गोष्ट पूर्ण सांगू द्या. मध्ये कोणी बोलायचं नाही.

हॉस्टेल_मेस_ग्रस्त

भाचीच्या वयाचा आहे म्हणून तिच्या बाजूनं दोन शब्द. हे फक्त आपल्याकडेच होत नाही. डायव्हर्जंट ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका, तिचं तिसरं पुस्तक पण २०१३ चंच, त्यात तर जी मुलगी गोष्ट सांगून राहिली तीच मरते, लोक पिसाळले होते, अजूनही तिकडे कोणी विषय काढला की तेच भांडण. हंगर गेम्स, तीही तशीच मालिका, तिच्या तिसऱ्यातही तेच, जिच्यासाठी नायिका पहिल्या भागात पुढे होते ती धाकटी बहीणच शेवटी जाते. तिसऱ्या पुस्तकात कोणीतरी मरणार हे आता मी धरूनच चालतो अन् आवडत्या पात्राचा पहिल्या भागातच शोक करून घेतो.

एक ट्रिक सांगतो, आमच्या ग्रुपमध्ये चालते. "आवडलं का" असं विचारायचंच नाही. "कोणत्या पानावर तुमचं मन सुटलं" असं विचारायचं, अन् पुस्तक उघडून ते पान दाखवायचं. पान दाखवावं लागलं की अर्धे लोक गप्प होतात कारण पान सापडत नाही.

कडू_कारलं

हे बेस्ट आहे. माझं पान मी आत्ता शोधून राहिलो अन् सापडून नाही राहिलं. 😑

प्रतापनगरची_वाचक

अपडेट. रविवार पार पडला, सगळ्या आल्या, तर्री-पोहे आधी दिले (धन्यवाद सकाळी सहावाले).

आत्यांनी सांगितलं तसं काकूंपासून सुरू केलं. त्यांनी पंधरा मिनिटं गोष्ट सांगितली, थेट वीरभद्रापर्यंत, अन् काय सांगू, पंख्याचा आवाज ऐकू येत होता. मग भाची एकदम म्हणाली की तुमच्या गोष्टीतल्या सतीचा राग जास्त खरा आहे. काकू वर बघायलाच तयार नाहीत. मग पानांचा खेळ घेतला. बँकवालीचं पान मिळालं, पहिल्या मोठ्या युद्धाच्या तयारीचं, नकाशे अन् गलबतं. देवगिरीवालीनं पान दाखवलं अन् वाचूनही दाखवलं, त्यावर मात्र कोणाला उत्तर सुचलं नाही, तिचा मुद्दा तसाच उभा आहे अन् मला वाटतं बरोबर आहे. चूक करणाऱ्याला शिक्षा हे समजतं, शहराला शिक्षा हे मला पण अजून पचून नाही राहिलं.

काकूंची पाळी आली तेव्हा त्यांनी पान दाखवलं ते निम्म्याच्याही आधीचं, तिथं सती अजून मस्त जिवंत आहे. सगळ्या चक्रावल्या. मग हळूच निघालं. काकूंची मराठी प्रत वाचनालयातून उशिरा मिळाली होती, काकू त्या पानावर होत्या अन् त्याच रात्री भाचीनं ग्रुपवर टाकलं, "सतीला मारलं यार, मी रडतेय." काकूंनी पुस्तक मिटलं ते मिटलंच. भांडणाच्या दिवशी त्यांनी शेवट वाचलेलाच नव्हता! यज्ञ वगैरे सगळं खरं, पण राग त्या मेसेजचा होता. भाचीचा चेहरा बघण्यासारखा झाला, तिनं सॉरी म्हटलं, काकू म्हणाल्या सॉरी राहू दे, पुढचं पुस्तक मी निवडीन अन् तू ते माझ्या आधी वाचायचं नाहीस.

आता त्यांनी राहिलेलं वाचायला घेतलंय. काल फोनवर म्हणाल्या, "वाचलं, तरी चुकीचंच मारलंय तिला." म्हणजे मत काही बदललेलं नाही. ग्रुपवर मात्र परत आल्या.

एक नवीन मदत हवी आहे पण. त्या पानांच्या खेळात वाचनालयाच्या प्रतीवर तर्री सांडली, तीन पानं आरपार. परवा परत करायचंय. काही उपाय?

सदरची_आत्या

पानाच्या दोन्ही बाजूंनी टाल्कम पावडर टाक, मध्ये टिश्यू पेपर घाल, वर पाटा ठेव अन् रात्रभर राहू दे. तेल बरंचसं ओढून घेतं. हळद-तिखटाचा रंग जाणार नाही, तो वाचनालयाला खरं सांग अन् दंड भर.

तर्रीपोहे_सकाळी_सहा

कोणत्या पानावर सांडली ते लिहा ना, मी शंभरच्या पुढे जायचा विचार करून राहिलो.