लहान घड्याळ कमी टिकतं का? आधी आतलं मशीन बघा

ताई, पुतणीसाठी घड्याळ बघताना तुम्ही म्हणालात, 'लहान साइझ नाजूक, मोठं घड्याळ दणकट'; हे सरसकट मला पटत नाही. घड्याळाची बाहेरची डबी लहान म्हणून मशीनही लहान, असं नसतं. सेइको या जपानी कंपनीची दोन मॉडेलंच घ्या: एसकेएक्स००७ साधारण ४२ मिमी, एसकेएक्स०१३ साधारण ३८ मिमी. पण दोन्हींत तेच ७एस२६ मशीन आणि दोन्ही २०० मीटर वॉटर रेझिस्टंट. टिकण्यात फरक पडायचं कारणच काय?

फरक दिसतो तो जुन्या लेडीज चावीच्या घड्याळांत. तिथं मशीनच छोटं. बॅलन्स व्हील (मागेपुढे डुलत वेळ राखणारं चाक) इवलंसं, त्याचे पिव्हट म्हणजे आसाची टोकं केसासारखी बारीक, स्प्रिंगचा जोरही कमी. तेल जरा घट्ट झालं की मोठं मशीन रेटून नेतं, छोटं मागं पडतं नाहीतर थांबतं. परभणीत आमचे घड्याळजी आईचं घड्याळ उघडायच्या आधी पंखा बंद करतात, भर मे महिन्यात! बाबांची एचएमटी जनता मात्र गप्पा मारत खोलतात.

आपल्याकडचा फुफाटा साइझ बघत नाही. चावीच्या दांड्याजवळचं गॅस्केट (रबरी कडी) कडक झालं की धूळ आणि घाम आत जाणारच. शेतावर घालायचं असेल तर स्क्रू-डाऊन क्राऊनचं, म्हणजे चावी आट्यांवर पिळून घट्ट बसते असं बघा.

पुतणीचं मनगट बारीक म्हणताय, तर मोठ्यातलंच मशीन असलेलं ३६-३८ मिमीचं ऑटोमॅटिक (हाताच्या हालचालीनं आपोआप चावी भरणारं) घ्या. सुटे भागही त्याचेच सहज मिळतात. जुनं लेडीज मॉडेल हौसेला ठीक, रोजच्या वापराला नको.