मदत हवी आहे: ऑल व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद जाणाऱ्या) गाडीचा गिअरबॉक्स वाजतोय, खाली थेंब नाही तरी तेल कमी

नमस्कार मंडळी, मी सोलापूरचा, विजापूर रोडला राहतो. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड घरीच बदलतो पण गिअरबॉक्स आजवर उघडलेला नाही म्हणून विचारतोय. जरा लांबलंय, पण अर्धवट सांगून तुम्हालाही अंदाज येणार नाही.

गाडी डिझेल, ६ गिअरची मॅन्युअल, १ लाख ३८ हजार किमी झालेत. इंजिन आडवं, गिअरबॉक्सला चिकटून ट्रान्सफर केस (मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारा डबा), तिथनं प्रोपेलर शाफ्ट मागे जातो आणि मागच्या डिफरन्शियलच्या (दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरच्या) तोंडाशी इलेक्ट्रिक क्लच आहे. नॉबवर टू व्हील, ऑटो आणि लॉक. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, एवढं पळाल्यावर कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. गाडी अण्णांनी घेतली होती. आमचं रान मंगळवेढ्याकडे, काळी माती, पावसाळ्यात पाणंदीत टायरला चिखल असा बसतो की नक्षी दिसत नाही, तिथे हीच गाडी लॉकवर टाकून अण्णा वस्तीवर जायचे. अण्णा आता नाहीत. म्हणून "विकून टाका" हा सल्ला कृपया नको.

त्रास असा. सकाळी गाडी थंड असताना दुसरा गिअर टाकला की खर्रर्र करतो, चार-पाच किलोमीटर गेल्यावर बराच कमी होतो. तिसऱ्या-चौथ्यात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बारीक कूं असा आवाज, पाय काढला की कमी. तुळजापूरचा घाट चढताना तर बायको म्हणाली काच वर घ्या, कसला आवाज येतोय बाहेरून, आणि काच घेतली तरी तो आतच होता. तिसरं म्हणजे गाडी जागेवर उभी, न्यूट्रल, क्लचवरचा पाय काढलेला, तेव्हा घर्रघर्र येते आणि क्लच दाबला की बंद.

दोन मिस्त्रींना दाखवली. एक म्हणतो ट्रान्सफर केस गेली, दुसरा म्हणतो मालक कशाला खोलत बसता, भंगारातून जुना गिअरबॉक्स आणून टाकू. मला दोन्ही पटेना. मागच्या सर्व्हिसच्या बिलावर तिन्हीकडे "गिअर ऑइल ९०" लिहिलंय, मॅन्युअलमध्ये गिअरबॉक्सला त्याहून पातळ ७५ डब्ल्यू ८०, जीएल ४ दर्जाचं तेल आहे. रविवारी तेल काढून मोजलं तर १.४ लिटर निघालं, पाहिजे २ लिटरच्या आसपास. आणि खाली फरशीवर महिनाभरात एक डाग नाही, मी पुठ्ठा टाकून बघितलाय. मग ६०० मिली गेलं कुठं? ड्रेन प्लगच्या चुंबकावर काळी पेस्ट होती, ती ठीक आहे म्हणतात, पण तेल पांढऱ्या थाळीत उन्हात धरलं तर तळाला सोनेरी चमक दिसली. बोटावर चोळली, टोचत नाही, पिठासारखी बारीक.

नक्की काय उघडायचं आणि आधी काय तपासायचं?

प्रतिसाद:
दादा, भंगारातला बॉक्स अजिबात घेऊ नका, तो कसा वापरलाय कुणाला माहीत. तुमच्या लिहिण्यातच बरंच उत्तर आहे. गाडी उभी असताना ट्रान्सफर केस फिरतच नाही, ती पुढच्या डिफरन्शियलवरून चालते, जे चाकं फिरली तरच फिरतं, म्हणजे उभ्या गाडीतली घर्रघर्र तिची असूच शकत नाही. क्लच सोडलेला असताना इनपुट शाफ्ट (इंजिनची ताकद गिअरबॉक्समध्ये आणणारा दांडा) फिरतो, दाबला की थांबतो, आवाजही तसाच, म्हणून पहिला संशय इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर. रिलीज बेअरिंग असतं तर उलट दाबल्यावर वाजलं असतं. सोनेरी चमक म्हणजे पितळ, म्हणजे सिंक्रो रिंग (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या पितळी कड्या) झिजतायत. ९० नंबर थंडीत घट्ट राहतं आणि जीएल ५ तेल सिंक्रोला फार निसरडं पडतं, रिंगला पकड मिळत नाही. पण रिंगला दोष द्यायच्या आधी क्लच पूर्ण सुटतो का बघा: इंजिन चालू, क्लच तळापर्यंत, दहा सेकंद थांबा, मग रिव्हर्स. तरी खरडला तर क्लच ओढतोय. नाही खरडला तर चालत्या गाडीत दुसरा टाकताना डबल क्लच मारून (न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबून) बघा, गुपचूप पडला तर रिंगच.
तेलाचं म्हणाल तर ट्रान्सफर केसचा लेव्हल प्लग उघडा. मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल आतल्या आत तिकडे जातं, बाहेर थेंब येत नाही. आणि चारही टायर सारखे आहेत का?

मी:
आभार, तुम्ही सांगितलं त्याच क्रमाने केलं. रिव्हर्स गुपचूप पडला. डबल क्लच मारला तर दुसराही पडला, थंड गाडीत, होटगी रोडला तीनदा करून बघितलं.

मग गाडी सपाटीला चार स्टँडवर घेतली आणि ट्रान्सफर केसचा प्लग सैल केला. लेव्हलला असेल तर जेमतेम ओघळायला पाहिजे, इथे प्लग हातात यायच्या आधीच धार लागली, बाहीपर्यंत आली. डब्यात धरून मोजलं, लेव्हलच्या वरचं जवळजवळ अर्धा लिटर निघालं. वासावरून काही ठरत नाही कारण दोन्हीकडे तेच ९० नंबर, पण आकडा जुळतोय. म्हणजे ट्रान्सफर केस बिचारी तेलात बुडालेली आणि गिअरबॉक्स कोरडा पडत चाललेला, आणि मिस्त्री नेमकी तीच बदला म्हणत होता. हे तेव्हाच तपासलं असतं तर बेअरिंग वाचलं असतं असं सारखं वाटतंय.

टायरचं तुम्ही बरोबर पकडलंत. पुढचे दोन उन्हाळ्यात नवे टाकले, मागचे जुनेच ठेवले. टेप लावून घेर मोजला तर ३ सेंटिमीटरचा फरक आला. एवढ्या फरकाने मागचा क्लच विनाकारण घसरत तापतो हे मला माहीतच नव्हतं, टायरवाल्यानेही सांगितलं नाही. मागचे दोनही त्याच कंपनीचे, त्याच साइजचे घेतोय आणि तोवर नॉब टू व्हीलवरच.

आता ठरवलंय की बॉक्स उतरवायचाच. मधलं सील, इनपुट शाफ्टची दोन्ही बेअरिंग, पहिल्या-दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगा, आणि बॉक्स खाली आलाच आहे तर क्लच प्लेट न् रिलीज बेअरिंग पण. प्रोपेलर शाफ्ट काढताना फ्लँजवर रंगाने खूण करणार, तसाच परत बसवायला. अडचण एकच. बेअरिंग दाबून बसवायला अक्कलकोट रोड एमआयडीसीत प्रेस मिळेल, पण शाफ्टचा प्ले (ढिलेपणा) डायल गेजवर बघून बरोबर जाडीची शिम (पातळ चकती) टाकणारा माणूस सोलापुरात कुणाच्या माहितीत आहे का? जुन्याच शिमा घालून बसवू म्हणणारे तिघे भेटलेत, नवीन बेअरिंगला ते चालेल का याची मला खात्री नाही. बुधवारी गाडी उतरवतोय, त्याआधी कुणी सांगितलं तर लै बरं होईल.