७ महिन्यांसाठी नागपूरला, घोडी सोबत नेऊ की बारामतीतच ठेवू?

मार्चपासून ७ महिने कामासाठी नागपूरला जातोय. माझी मारवाडी घोडी ९ वर्षांची आहे, काकांच्या गोठ्यात राहते, त्यांचा तिला लळा आहे पण वय झालंय त्यांचं, रोज खरारा, फिरवणं जमेल का माहीत नाही. नेली तर ७०० किमीचा प्रवास. जीव अडकलाय तिच्यात, काय करू?

> नका नेऊ दादा. मार्चमध्ये नेणार म्हणजे तिथे पोचून सेट होईपर्यंत ४५ डिग्रीचा मे आलाच. काकांना मदतीला घोडं सांभाळणारा एक मोतद्दार ठेवा, नालबंदाला दर ६-८ आठवड्यांनी यायला सांगून ठेवा.

> न्यायचीच असेल तर ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी आधी करा, तो माणसालाही होतो. गाडीत डोकं वर बांधून ठेवू नका, खाली करता आलं नाही की छातीत इन्फेक्शन होतं, आमच्या घोड्याला झालं होतं. दर ३-४ तासांनी थांबून पाणी पाजा. आणि इथला कडबा-हरभरा सोबत न्या, नवा चारा ८-१० दिवसांत हळूहळू मिसळा, एकदम बदललात तर पोटशूळ उठतो आणि त्यात घोडं जातं हो.

> काकांना विचारलंत का पण?

विचारलं आत्ता. म्हणाले तिला हलवू नकोस. मोतद्दार बघतोय, महिन्यातून एकदा येऊन जाईन.