पांढरी चौकट हे छायाचित्र आहे का?

मूळ मत

आमच्या छायाचित्रकारांच्या गटात गेल्या रविवारी एका सदस्याने कडेपासून कडेपर्यंत पांढरी असलेली चौकट ‘छायाचित्रकला’ म्हणून मांडली आणि तासाभरात हशा पिकला. ‘जुलैतले महाबळेश्वर, दरी अगदी स्पष्ट दिसते आहे’, असे एकाने लिहिले. दुसऱ्याने शाळेतला जुना विनोद काढला, की गवत गायीने खाल्ले आणि गवत संपल्यावर गाय तरी कशाला थांबेल. तिसऱ्याने भिंगावरचे झाकण काढायचे राहिले का, अशी चौकशी केली.

पहिल्या दोघांचे मलाही हसू आले. तिसऱ्याचा विनोद मात्र तपशिलातच चुकला आहे, कारण झाकण राहिले असते तर चौकट काळी आली असती. छायाचित्रात निव्वळ पांढरे उमटते ते प्रकाश अति झाल्यामुळे, आणि माझे म्हणणे याच गोष्टीवर उभे आहे. हिरोशी सुगिमोतो या जपानी छायाचित्रकाराने १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेतल्या जुन्या चित्रपटगृहांत मोठा कॅमेरा लावून, चित्रपट सुरू होताना कॅमेऱ्याची झडप (शटर) उघडायची आणि संपताना मिटायची, अशी एक मालिका केली. दोन तासांच्या चित्रपटात सेकंदाला २४ या हिशेबाने १,७२,८०० चौकटी पडद्यावर येऊन जातात, आणि त्या सगळ्यांचा प्रकाश एकाच फिल्मवर साचला की पडदा लख्ख पांढरा उमटतो. त्या पांढऱ्याला रिकामे म्हणणे मला पटत नाही.

विरोधी प्रतिसाद

सुगिमोतोंबद्दल दुमत नाही, परंतु त्यांची मेहनत आपण या सदस्याच्या खात्यावर का जमा करता? ही कोरी चौकट मला तरी फसवणूक वाटते. शिवाय हसणाऱ्यांना कला कळत नाही, असा जो सूर अशा वेळी नेहमी लागतो, तो इतिहासाला धरून नाही. फ्रेंच विनोदी लेखक आल्फाँस आले यांनी १८८३ मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात कोरा पांढरा कागद लावला आणि त्याला ‘बर्फ पडत असताना रक्तक्षयी मुलींचा पहिला कम्युनियन’ (पांढऱ्या पोशाखातला ख्रिस्ती धर्मविधी) अशा अर्थाचे शीर्षक दिले. म्हणजे आपल्या गटातला महाबळेश्वरचा विनोद थेट त्यांच्याच घराण्यातला आहे.

आणि रिकामेपणाला अर्थ चिकटवणे किती सोपे असते, तेही पाहा. डेन्मार्कमधल्या ऑल्बॉर्गच्या संग्रहालयाने २०२१ मध्ये येन्स हानिंग या कलावंताला चौकटींत नोटा लावून दाखवण्यासाठी सुमारे ५ लाख ३४ हजार क्रोनर दिले होते. त्यांनी रिकाम्या चौकटी पाठवल्या आणि ‘पैसे घ्या आणि पळा’ हेच कलाकृतीचे नाव असल्याचे सांगितले. संग्रहालयाने त्या चौकटी प्रदर्शनात मांडल्या खऱ्या, तरी २०२३ मध्ये न्यायालयाने त्यातली बहुतेक रक्कम परत करायला लावली.

आणखी एक प्रतिसाद

अमेरिकन चित्रकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या १९५१ च्या कोऱ्या पांढऱ्या चित्रांसमोर माणूस उभा राहिला की त्याची सावली चित्रावर पडते, आणि खोलीतला उजेड बदलला की चित्र बदलते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मात्र यातले काहीच घडत नाही. त्यामुळे ही चौकट आधी कागदावर छापून भिंतीवर लावावी आणि मगच तिच्यावर मत द्यावे, असे मला वाटते.

मूळ मत मांडणारा

मेहनतीचा आक्षेप मला महत्त्वाचा वाटला, म्हणून मी त्या सदस्यांनाच विचारले. दादरच्या पादचारी पुलावर तिपाई लावून सकाळी साडेआठपासून नऊपर्यंत, पूर्ण अर्धा तास, त्यांनी झडप उघडी ठेवली होती. त्या अर्ध्या तासात पुलावरून गेलेला प्रत्येक माणूस त्या पांढऱ्यात आहे.

विरोधी प्रतिसाद

हे त्यांनी चित्राखाली लिहायला हवे होते. ते वाचून मी माझा ‘फसवणूक’ हा शब्द मागे घेतो. तरीही माझी एक तक्रार उरतेच. सुगिमोतोंच्या चित्रात पडद्याभोवतीचे नक्षीकाम आणि समोरच्या खुर्च्यांच्या रांगा शाबूत असतात, म्हणून तो पांढरा भाग पडदा आहे आणि त्यात एक अख्खा चित्रपट मुरला आहे, हे आपल्याला डोळ्यांनी कळते. इथेही एका कोपऱ्यात पुलाचा कठडा तेवढा वाचवला असता, तर कोणाला गाय आठवली नसती.